पावतीवर ‘समुपदेशन शुल्क’ लिहिलं होतं

सोलापुरात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. निकाल लागला की नोकरीची हमी देऊन कोर्स विकणाऱ्यांचे फोन तुम्हालाही येतील.

मला आला तो निकालाच्या चौथ्या दिवशी. सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. समोरच्या सरांनी त्यांना चहा दिला. “काका, औषध कंपन्यांना बायोस्टॅटिस्टिक्सची माणसं मिळत नाहीत. वर्षभरात पोरगी पुण्यात कामाला लागेल, लिहून देतो.” कोर्सचं नाव ‘मास्टर्स इन बायोस्टॅटिस्टिक्स’, परदेशी विद्यापीठाशी टाय-अप, फी 1,80,000 रुपये. दोन दिवसांत भरली तर 20,000 कमी. आईच्या पाटल्या गहाण ठेवून आम्ही दुसऱ्याच दिवशी भरली. लिहून मात्र काहीच मिळालं नाही.

हे क्षेत्र खोटं नाही, म्हणून तर माणूस फसतो. औषधाच्या चाचणीत किती रुग्ण घ्यायचे, कोणाला कोणतं औषध द्यायचं हे कुणाच्या मर्जीवर न सोडता कसं ठरवायचं, दिसलेला फरक औषधाचा की योगायोगाचा, हे सगळं स्टॅटिस्टिक्सवाल्याला पाहावं लागतं. काम मोलाचं आहे आणि त्यात नोकऱ्याही आहेत.

वर्गात यातलं काही नव्हतं. सर सॅस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरचा तयार प्रोग्रॅम पाठवायचे, आम्ही चालवायचो. लॉगमध्ये लाल ओळ आली की एरर, हिरवी आली की वॉर्निंग. लाल ओळी गेल्या की त्या दिवशीचा क्लास संपला. मॉडेल का लावलं हे विचारलं की उत्तर ठरलेलं, “इंटरव्ह्यूला लागत नाही.”

पण लागलं. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी कागदावर पाच रुग्णांच्या आडव्या रेघा काढल्या. तिसरी रेघ मध्येच थांबवली आणि म्हणाल्या, “हा पेशंट आठव्या महिन्यानंतर आलाच नाही. जिवंत आहे की नाही, माहीत नाही. सर्व्हायव्हलच्या, म्हणजे रुग्ण किती काळ जगतात त्याच्या हिशेबात त्याचं काय करशील?” मी म्हणाले, काढून टाकेन. त्या रागावल्या नाहीत. आठ महिने तो जगला ही माहिती आपल्याकडे आहे, ती फेकायची नाही, तिथपर्यंत त्याला मोजायचं आणि पुढे सेन्सॉर्ड, म्हणजे पुढचं माहीत नाही असं धरायचं, हे त्यांनीच समजावलं. कॅप्लन आणि मायर यांनी ही पद्धत 1958 साली मांडली. वर्षभराच्या कोर्समध्ये ती नावं मी एकदाही ऐकली नव्हती. परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत मला रडू आवरलं नाही.

खरा सापळा त्यानंतर होता. ऑफिसात सांगितलं, फ्रेशरला कोणी घेत नाही, आणखी 40,000 भरा, दोन वर्षांचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा देतो. वडील तयार झाले होते. मी नाही म्हटलं. माझ्याबरोबरच्या एका मुलीने घेतलं. रुजू झाल्यावर कंपनीने पीएफचा इतिहास मागितला, त्यात त्या दोन वर्षांची नोंदच नव्हती. तिला महिनाभरात काढलं. हे पत्र कितीही अडचण असली तरी घेऊ नका. पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात, पण खोटी कागदपत्रं दिल्याचा शिक्का लागला की पुढच्या प्रत्येक नोकरीला तो आडवा येतो.

शेवटी हातात आलं ते त्या ऑफिसच्याच शिक्क्याचं प्रमाणपत्र. पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या यूजीसी कायद्यानुसार विद्यापीठाला किंवा तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच असतो. म्हणून पैसे काढण्याआधी एकच विचारा: पदवीवर सही कोणाची? उत्तर आलं की ते विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः शोधा. त्यांनी दाखवलेल्या मोबाईलवर विश्वास ठेवू नका. परदेशी विद्यापीठाचं नाव घेतलं तर थेट त्या विद्यापीठाला मेल करा.

आणि खरे रस्ते आहेत. आपल्या केगावच्या सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स आहे. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची एम.एस्सी. आहे, वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजातही बायोस्टॅटिस्टिक्स आहे. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सॅसही शिकण्यासाठी ऑनलाइन फुकट वापरता येतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

फी परत मागितली तेव्हा त्यांनी पावती पुढे केली. त्यावर ‘समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही’. शिकवणीचा शब्दच नाही. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याजवळ हमीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होते, तेच आता कामी येतायत. तुमच्याकडे असतील तर आज रात्रीच त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पावतीचा फोटोही.