सेंट जॉन्स की फिट्झविल्यम? केंब्रिजचं कॉलेज निवडताना

केंब्रिजला अर्ज भरताना विषय ठरलेला असतो, मार्कांची खात्री असते, आणि गाडी एका रकान्यापाशी अडते: कॉलेज कुठलं? एकूण 31 कॉलेजं आहेत. फर्ग्युसन की एसपी, हा प्रश्न आपण ज्या अर्थाने विचारतो तो अर्थ इथे सोडून द्या. लेक्चर, परीक्षा, पदवी सगळं विद्यापीठाचं. कॉलेज खोली देतं, जेवू घालतं आणि सुपरव्हिजनची सोय लावतं. सुपरव्हिजन म्हणजे दोन-तीन विद्यार्थ्यांना समोर बसवून शिक्षकाने त्यांच्या सोडवलेल्या गणितांची किंवा निबंधांची चिरफाड करण्याचा तास.

तुलनेला मुद्दाम दोन टोकं घेतो, दोन्हींशी मराठी नातं असलेली. कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्सचे. 1899 साली गणिताच्या ट्रायपॉसमध्ये (केंब्रिजची पदवी परीक्षा) संयुक्तपणे पहिले आले आणि जन्मभर ‘रँग्लर परांजपे’ झाले; त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. जयंत नारळीकर 1957 मध्ये आले ते फिट्झविल्यमला, बोलीत ‘फिट्झ’.

सेंट जॉन्स 1511 सालचं, सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गरेट बोफर्ट हिच्या संपत्तीतून उभं राहिलेलं. भव्य दरवाजा, एकामागून एक विटांची कोर्टं (इमारतींनी वेढलेले चौक), मग कॅम नदी आणि तिच्यावर 1831 मध्ये बांधलेला झाकलेला पूल, ‘ब्रिज ऑफ साइज’. राहायला हे स्वप्नवत आहे, पण उन्हाळ्यात तुमच्या खिडकीखाली पर्यटक उभे असतात हेही ध्यानात ठेवा. जुन्या कोर्टांतल्या हिरवळीवर चालायचा मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या ज्येष्ठ अध्यापक-संशोधकांचा. तुम्ही कडेच्या फरसबंदीवरून वळसा घालायचा. (वाड्याच्या चौकात वाढलेल्यांना हे विशेष जड जातं.)

फिट्झची गोष्ट वेगळीच. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नव्हता अशांसाठी 1869 मध्ये ही सोय निघाली. विद्यार्थी शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत आणि तरीही विद्यापीठाचे असत. सुभाषचंद्र बोस 1919 मध्ये आले ते इथेच. आजच्या जागेवर संस्था आली 1963 मध्ये आणि सनद मिळून रीतसर कॉलेज झालं 1966 मध्ये. म्हणजे नारळीकर आले तेव्हा आजची ही इमारत नव्हतीच. वास्तुविशारद डेनिस लास्डन यांची करड्या-तपकिरी विटांची वास्तू पहिल्या नजरेत भरत नाही, हे कबूल. पण मधोमध ‘द ग्रोव्ह’ नावाचं जुनं घर आणि बाग आहे. चार्ल्स डार्विन गेल्यावर त्यांच्या पत्नी एमा हिवाळ्यात या घरी राहत.

अंतराचं बोलू. सेंट जॉन्स गावाच्या मध्यात. फिट्झ कॅसल हिलच्या वर. सपाट केंब्रिजमधला हा एकमेव म्हणावा असा चढ. गावातून चालत वीसेक मिनिटं, सायकलने येताना मांड्या भरून येतात. पण विषय गणित किंवा खगोलशास्त्र असेल तर हिशेब पालटतो, कारण ते विभाग पश्चिमेला आहेत आणि फिट्झहून जवळ पडतात. इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र रोज गाव ओलांडावं लागेल.

परंपरांचा तोल उघडच सेंट जॉन्सकडे झुकतो. गाऊन घालून मेणबत्त्यांच्या उजेडात फॉर्मल जेवण, आधी लॅटिनमधली प्रार्थना. गायकवृंद असेन्शन डेला (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण) चॅपलच्या मनोऱ्यावर चढून गातो, 1902 पासून. तिथून खाली आवाज पोचणारच नाही, अशी पैज लागली होती म्हणतात. कॉलेजचा नौकानयन क्लब 1825 चा. त्यांच्या लालभडक जाकिटांवरून ‘ब्लेझर’ हा शब्द आला असं सांगतात. मे बॉल, म्हणजे वर्षअखेरची रात्रभराची मेजवानी, जूनमध्ये (का, ते विचारू नका, मे वीकच जूनमध्ये असतो), आतिषबाजी नदीवरून दिसते, आणि तिकीट न परवडणारे होडीतून फुकट बघतात. फिट्झलाही गाऊन आहे, फॉर्मल आहे, होड्या आहेत. पण तिथे परंपरेचं ओझं कमी. नवख्यांना सीनिअर ‘आई-बाबा’ वाटून देण्याची केंब्रिजची रीत दोन्हीकडे सापडेल.

पैशांच्या बाबतीत सेंट जॉन्स सगळ्यात श्रीमंत कॉलेजांपैकी एक. अनुदान, प्रवासखर्च, पुस्तकांना मदत अशा गोष्टींत हे जाणवतं. तरी खोलीभाडं आणि शिष्यवृत्त्यांचे चालू वर्षाचे आकडे दोन्हींच्या संकेतस्थळांवर शेजारी शेजारी ठेवून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आई-वडील कधी विचारत नाहीत असा प्रश्न सुट्टीचा आहे. सत्र आठच आठवड्यांचं. ते संपलं की इंग्लंडमधली मुलं सामान गाडीत टाकून घरी जातात. पुण्या-नागपूरच्या मुलीने डिसेंबरात कुठे जायचं? खोली ठेवता येते का, किती दिवस, किती भाड्यात, सामान कुठे ठेवायचं, हे दोन्ही कॉलेजांना ईमेलने आधीच विचारा. स्वयंपाकघराचंही विचारा. इथे त्याला ‘जिप’ म्हणतात, आणि जुन्या इमारतींत ते नावापुरतंच असू शकतं. वरणभात जमेल. फोडणीचा धूर झाला तर अलार्म वाजून सगळा जिना खाली अंगणात.

माझा कल विचाराल तर गणित-खगोलाच्या, गर्दीला बुजणाऱ्या मुलाला मी फिट्झ सांगेन. गाणारा, इतिहासवेडा, थाटामाटात रमणारा असेल तर सेंट जॉन्स. शिक्षणात नुकसान होईल ही भीती नको: फिट्झच्या नारळीकरांना पीएचडीला लाभलेले गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, सेंट जॉन्सचे फेलो होते. आणि 15 ऑक्टोबरच्या आत अर्ज करून तुम्ही निवडलेलं कॉलेज ‘नाही’ म्हणालं, तरी हिवाळ्यातल्या ‘पूल’मधून (जागा न मिळालेल्या चांगल्या अर्जदारांची सगळ्या कॉलेजांपुढे ठेवलेली यादी) तिसरंच कॉलेज तुम्हाला उचलू शकतं.