घरी येणाऱ्या नर्सची सेवा: ब्युरोला दोन स्टार, सिस्टरना पाच

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर पुण्यातल्या एका नर्सिंग ब्युरोकडून दिवसपाळीची नर्स घेतली. ‘ट्रेन्ड’ म्हणून पहिल्यांदा पाठवली ती चक्क आया! ट्रेन्ड नर्सचे कोर्स असतात: जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ३ वर्षांचा, एएनएम (सहाय्यक नर्स-मिडवाइफ) २ वर्षांचा. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा कागद आधीच मागून घ्या. भांडल्यावर जीएनएम सिस्टर आल्या, आधी आयसीयूत काम केलेल्या.

घरात ना मॉनिटर, ना हाकेला डॉक्टर. त्यांनी आल्या आल्या आईला कुशीवर वळवलं आणि माकडहाडावरचा लालसर डाग बोटाने दाबून सोडला. “दाबल्यावर फिका पडत नाहीये ताई, बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे.” आम्हाला तो चादरीचा वळ वाटला होता. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलणं, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. बीपीची गोळीही डोळे झाकून दिली नाही. एका सकाळी वरचं ९४ आलं, तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

सिस्टरच्या सुट्टीला येणारी बदली मात्र दिवसभर मोबाईलवर, आणि ब्युरोचा फोन संध्याकाळी लागेल तर शपथ. पुन्हा घेईन, पण याच सिस्टर मोकळ्या असतील तरच.