तायक्वांदोचा कौटुंबिक वर्ग: १४ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमधील एका शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या तायक्वांदोच्या, म्हणजे लाथांवर भर असलेल्या कोरियन युद्धकलेच्या, कौटुंबिक वर्गाला आम्ही चौघे गेल्या वर्षीच्या जूनपासून जात आहोत. मी ४२ वर्षांची असून बँकेत नोकरी करते, यजमान ४६ वर्षांचे आहेत, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा. मुलगी त्याआधी दोन वर्षे याच सरांकडे मुलांच्या वर्गात शिकत होती आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्यापैकी कोणीतरी बाहेर स्कूटरवर बसून तिची वाट पाहत असे. शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळात पालकांसह वर्ग सुरू होत असल्याचे सरांनी सांगितले, तेव्हा बाहेर बसण्यापेक्षा आत उभे राहिलेले बरे, एवढाच विचार करून आम्ही नावे नोंदवली. चौघांचे मिळून महिना ४,००० रुपये शुल्क, परीक्षा आणि साहित्य वेगळे. असा वर्ग लावावा का, हे विचारणारे सोसायटीत आणि बँकेत बरेच जण भेटतात. त्यांना दरवेळी अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे म्हणून हा प्रपंच.

ज्या गोष्टीची आम्हाला अजिबात कल्पना नव्हती ती आधी सांगते. तायक्वांदोच्या वर्गात रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा आणि शेवटी काळा, असा पट्ट्यांचा चढता क्रम असतो आणि वरचा पट्टा पुढे उभा राहतो. मुलगी तेव्हा निळ्या पट्ट्यावर असल्यामुळे पहिल्या रांगेत होती आणि आम्ही तिघे पांढऱ्या पट्ट्याचे, सात वर्षांच्या एका चिमुरडीच्या मागे, शेवटच्या रांगेत. ‘चारयोत’ म्हणताच सावधान आणि ‘क्युंगने’ म्हणताच कमरेतून वाकून नमस्कार. जोडीच्या सरावात समोर मुलगी आली की तिने मला आणि मी तिला सारखेच वाकायचे. दुसऱ्याच रविवारी मी सवयीने तिला केस नीट बांधायला सांगितले. सरांनी सराव थांबवला आणि अतिशय नम्रपणे विचारले, “ताई, पांढरा पट्टा निळ्या पट्ट्याला सूचना देतो का?” मी दहा जोर काढले. ते मोठ्याने मोजण्याचे काम मुलीकडे होते आणि सातवा अर्धा झाला म्हणून तिने तो पुन्हा काढायला लावला.

या वर्गाचे सगळे मोल माझ्या मते या एका नियमात आहे. आम्ही चौघे सिंहगडावरही जातो आणि बाहेर जेवायलाही जातो, पण तिथे आई आईच राहते आणि बाबा बाबाच. पाणी प्यायलीस का, मोबाइल ठेव, हे चालूच असते. मॅटवर दीड तास ते पद चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावे लागते. ज्यांना ते जमत नाही, आणि पहिले तीन महिने ते आमच्या यजमानांना अजिबात जमले नाही, त्यांना हा वर्ग त्रासदायक वाटेल.

उदाहरण डोल्योचागीचे देते. ही बाजूने गोल येणारी लाथ, या खेळातली सर्वांत जास्त वापरली जाणारी. बघणाऱ्याला वाटते की सगळे काम वर उचललेल्या पायाचे आहे, परंतु खरी मेख जमिनीवरच्या पायात असते. तो पाय चवड्यावर फिरून टाच समोरच्याकडे वळली तरच कंबर उघडते. टाच जागच्या जागी राहिली तर सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. माझा डावा गुडघा दोन महिने संध्याकाळी ठसठसत होता आणि मी वयाला दोष देत होते. एका शनिवारी मुलगी किक पॅड बाजूला ठेवून माझ्या पायाशी बसली, मॅटवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि म्हणाली, “आई, लाथ मारू नकोस, फक्त टाच या पट्टीवर आण.” तिने माझी टाच हाताने धरून वीस-पंचवीस वेळा फिरवली. तिची पहिली पावले टाकताना मी तिच्यामागे अशीच वाकून चालले होते, हे मला त्या वेळी आठवले आणि लगेच विसरावे लागले, कारण सर म्हणाले, “ताई, टाच.” गुडघा त्यानंतर तीन आठवड्यांत शांत झाला.

शरीराच्या बाबतीत इतर अनुभव थोडक्यात सांगते. पहिल्या महिन्यात अनवाणी सरावाने तळव्यांची सालपटे निघाली. तिसऱ्या महिन्यात यजमानांनी उशिरा पोहोचून शरीर न तापवता थेट उडीच्या लाथा सुरू केल्या आणि पोटरीचा स्नायू दुखावून घेतला. पाच आठवडे विश्रांती आणि फिजिओथेरपी करावी लागली. चाळिशीनंतर वर्गाची पहिली पंचवीस मिनिटे चुकवायचीच असतील तर त्या दिवशी घरीच राहावे. वजन माझे दोन किलोच उतरले, झोप मात्र सुधारली.

आता पूमसेविषयी, कारण कुटुंबाने एकत्र करण्याजोगा भाग हाच आहे. पूमसे म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक क्रमाने केलेल्या बचावांची आणि प्रहारांची मालिका. पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत ‘तेगुक’ नावाच्या आठ मालिका शिकाव्या लागतात. पहिली ‘तेगुक इल जांग’ डावीकडे वळून खालच्या बचावाने सुरू होते आणि पुढे टाकलेल्या ठोशाबरोबर ‘किहाप’ या आरोळीने संपते. यात वयाची अडचण फारशी येत नाही. पूमसेच्या जागतिक स्पर्धेत ६५ वर्षांवरील गटसुद्धा असतो. हे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी “मी मोजायला येईन” एवढेच कबूल केले.

डिसेंबरमध्ये शहरातील एका निमंत्रित स्पर्धेत कुटुंब गट होता आणि आम्ही उत्साहाने नाव दिले. चौघांना एक मालिका एका लयीत करायची म्हणजे काय, हे सोसायटीच्या गच्चीवर सराव करताना कळले. इल जांगमधील बहुतेक पवित्रे ‘आप सोगी’चे, म्हणजे नेहमीच्या चालण्यातल्या एका पावलाएवढे असतात; पण पाऊल ज्याचे त्याचे. यजमान सहा फुटांचे आणि मुलगा सव्वाचार फुटांचा. एका रेषेत सुरुवात केली की तिसऱ्या वळणापर्यंत वडील पुढे, मुलगा मागे आणि आम्ही दोघी मधेच कुठेतरी, अशी पांगापांग होत असे. मुलाने मोठी पावले टाकली तर पवित्रा चुकतो आणि वडिलांनी लहान टाकली तर तेही चूकच. शेवटी सरांनी आम्हाला एका रेषेत उभे करण्याऐवजी चौकोनात उभे केले, मुलाला पुढच्या बाजूला ठेवले आणि पाऊल मोजण्याऐवजी श्वास एकत्र सोडायला शिकवले. रात्री नऊ वाजता सासूबाई खुर्चीवर बसून ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियन आकडे मोजत आणि पाण्याच्या टाकीमागून वॉचमन डोकावून जाई.

पूमसेत दहापैकी गुण मिळतात: ४ अचूकतेचे आणि ६ सादरीकरणाचे. लहान चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ कापले जातात. स्पर्धेत यजमान एका वळणाला उलट्या बाजूला वळले आणि समोरासमोर आलेल्या मुलाने, कर्तव्य म्हणून असेल, त्यांना वाकून नमस्कार केला. आम्हाला कांस्यपदक मिळाले. गटात तीनच कुटुंबे होती.

त्याच दिवशी मुलीची क्योरुगी, म्हणजे प्रत्यक्ष लढत होती आणि तिथे आमचे खरे नुकसान झाले. लढतीतल्या गुणांचा हिशेब आधी सांगते: धडावर ठोसा लागल्यास १ गुण, धडावर लाथ लागल्यास २, डोक्यावर ३, आणि गिरकी घेऊन मारलेली लाथ असेल तर तेच अनुक्रमे ४ आणि ५. पडणे, रेषेबाहेर जाणे, पकडणे यांवर ‘गामजोम’ दिला जातो आणि त्याचा १ गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. पहिली फेरी मुलीने आरामात जिंकली. दुसरीत ती मागे पडली आणि यजमान, स्वतः पिवळ्या पट्ट्याचे, प्रेक्षकांतून उठून ओरडू लागले: पाय उचल, पुढे घुस, डोक्यावर मार. प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसलेले सर तिला नेमके उलट सांगत होते की अंतर ठेव आणि तिला येऊ दे. मुलगी डोक्यावर मारायला गेली, तोल जाऊन दोनदा पडली, दोन गामजोम आले आणि ती दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही फेऱ्या हरली. घरी येताना गाडीत ती एवढेच म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज आला की मला सर ऐकू येत नाहीत.” पुढचे दोन शनिवार ती वर्गाला आली नाही.

यात वर्गाचा दोष मी थोडा धरते. मॅटवर आई-बाबा नसतात हे सरांनी पहिल्या महिन्यापासून शिकवले, परंतु स्पर्धेच्या बाकांवर आम्ही कोण असतो, हे कोणी सांगितले नव्हते. आता नियम झाला आहे: आपल्या मुलाच्या लढतीच्या वेळी पालकांनी तोंडाने आवाज करायचा नाही, फक्त टाळ्या. एप्रिलच्या स्पर्धेत यजमान संपूर्ण वेळ हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते; त्यांना बघून शेजारच्या बाईंनी दातदुखी आहे का, असे विचारले.

निमंत्रित स्पर्धांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. डिसेंबरच्या स्पर्धेची वेळ सकाळी ९ ची होती; कुटुंब गट दुपारी पावणेतीनला लागला, तोवर मुले वेफर्सवर होती आणि स्वच्छतागृहात पाणी नव्हते. अशा स्पर्धांमध्ये प्रत्येक प्रकाराला वेगळे प्रवेशशुल्क असते आणि पदकेही उदारपणे वाटली जातात. अनुभव म्हणून वर्षातून एखादी पुरे. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांकडे डोळा ठेवून येणाऱ्या पालकांनी तर हे नीट समजून घ्यावे की त्यासाठी जिल्हा, विभाग, राज्य अशा शासकीय शालेय स्पर्धांची शिडी वेगळी आहे. घरात लटकणाऱ्या पदकांचा तिथे उपयोग होत नाही. या खेळात आपल्याकडे संघटनांचे वाद जुने आहेत, त्यामुळे पट्ट्याचे प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आणि काळ्या पट्ट्याची नोंद सोलच्या कुक्कीवॉनकडे, म्हणजे तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाकडे, होणार का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. तिथे १५ वर्षांखालील मुलांना ‘दान’ऐवजी (मोठ्यांची काळ्या पट्ट्याची श्रेणी) ‘पूम’ ही मुलांची श्रेणी मिळते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे; आमच्याकडे त्यावरून रुसवा झाला.

साहित्याचा अनुभव असा. डोबोक, म्हणजे सरावाचा पांढरा पोशाख, मुलांसाठी एक माप मोठा घ्यावा. पट्टा वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये. मी पिवळा पट्टा टाकला आणि आमचे दोन डोबोक आता कायमचे श्रीखंडाच्या रंगाचे आहेत. चेस्ट गार्ड आणि शिन गार्ड पहिले सहा महिने वर्गाचेच वापरावेत, चौघांचे संच एकदम घेतल्यास वीस हजारांच्या पुढे जातात. जुलैमध्ये चेस्ट गार्ड पिशवीत राहिला तर चार दिवसांत बुरशी धरतो. सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली उभा करावा. तोंडातला माउथ गार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. यजमानांनी तो चहाच्या पातेल्यात ठेवला आणि फोनवर बोलत राहिले. घरासाठी एक मीटरच्या सहा जिगसॉ मॅट घेतल्या, त्या चांगल्या टिकल्या आहेत. पावसाळ्यात खाली ओल धरते म्हणून आठवड्याला उचलून फरशी पुसते. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या विनंतीवरून उड्या आता रात्री साडेआठनंतर बंद आहेत.

आजची स्थिती अशी की मुलगी तांबड्या पट्ट्यावर आहे, मी आणि मुलगा हिरव्यावर आणि पोटरीमुळे एक परीक्षा हुकलेले यजमान अजून पिवळ्यावर, घरात सर्वांत मागे. पुढच्या महिन्यात शुल्काचे नूतनीकरण आहे. मुलाने मात्र परवा जेवताना सांगितले की त्याला संध्याकाळच्या मुलांच्या वर्गात जायचे आहे, कारण आमच्याबरोबर त्याला लढायला त्याच्या उंचीचे कोणी मिळत नाही. सरांशी बोलून त्याचे नाव तिकडे हलवत आहोत. कुटुंब गटात तीन जण चालतात का, ते विचारायचे आहे; आणि तीन संध्याकाळी पुन्हा कोणीतरी बाहेर स्कूटरवर बसणारच आहे.