पुरवठादारावर नजर कुणाची? ऑडिट, आपली माणसं की बंधनकारक करार

कारखाना दुसऱ्याचा असतो, बातमीत नाव मात्र आपलं येतं. त्यामुळे बाहेरून माल बनवून घेणाऱ्या कंपनीला कधी ना कधी ठरवावंच लागतं की पुरवठादारांवर लक्ष कुणी ठेवायचं: त्रयस्थ ऑडिट संस्थेने, आपल्याच माणसांनी, की इतर खरेदीदारांसोबत केलेल्या एखाद्या बंधनकारक कराराने?

त्रयस्थ ऑडिट सगळ्यांत स्वस्त आणि झटपट. शेकडो पुरवठादार असले तरी सगळ्यांची प्रमाणपत्रं फायलीत जमा होतात, आणि बऱ्याचदा फी पुरवठादारच भरतो. अडचण तिथूनच सुरू होते. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारांना योग्य वागणूक मिळते असं सांगणारं प्रमाणपत्र मिळालं. पुढच्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. अडीचशेहून अधिक कामगार गेले. मुख्य ग्राहक असलेल्या किक या जर्मन कंपनीचं नाव त्या आगीला कायमचं चिकटलं.

ढाक्याजवळच्या राणा प्लाझाची गोष्ट वेगळी आहे, आणि निर्णय घेणाऱ्याने ती नीट समजून घ्यावी. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली. तिथल्या काही कारखान्यांचं ऑडिट आधी झालेलं होतं, पण इमारतीची मजबुती तपासणं त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हतं. म्हणून अहवाल हातात आला की काय पास झालं हे नंतर बघा, काय तपासलंच नाही ते आधी शोधा.

आपली माणसं नेमणं महाग पडतं, पण ती पुन्हा पुन्हा जाऊ शकतात, न सांगता जाऊ शकतात आणि वह्या एकमेकींशी ताडून बघू शकतात. शिलाईच्या कारखान्यात तुटलेल्या सुयांची वेगळी नोंदवही असते, कारण सुईचा तुकडा कपड्यात राहता कामा नये. मस्टरवर रविवारी सुट्टी आणि सुयांच्या वहीत त्याच रविवारी सुई तुटल्याची नोंद असेल, तर मस्टर खोटं. मशीनची संख्या आणि डिस्पॅच झालेला माल यांचा मेळ बसत नसेल, तर काम बाहेर कुठेतरी जातंय, आणि ते ठिकाण तुमच्या यादीत नाही. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला हे क्वचितच दिसतं.

मात्र हा माणूस परचेसच्या हाताखाली ठेवू नका. ज्याचा बोनस भाव आणि डिलिव्हरीवर ठरतो, त्याला दिसलं तरी तो बोलणार नाही.

साखळी लांबली की आपली माणसंही अपुरी पडतात. युरोपात २०१३ मध्ये गाजलेल्या घोड्याच्या मांसाच्या प्रकरणात फिंडस या ब्रँडच्या लझान्यातलं (पास्त्याच्या थरांच्या तयार पदार्थातलं) मांस रोमानियातून निघून दलालांच्या कागदांतून फ्रान्सला आणि तिथून लक्झेंबर्गच्या कारखान्यात गेलं. पाकिटावर बीफ लिहिलेलं होतं. असे घोटाळे कारखान्यात चक्कर मारून कळत नाहीत, मालाची डीएनए चाचणीच लागते. हा खर्च वेगळा धरा.

तिसरा मार्ग राणा प्लाझानंतर उभा राहिला. मे २०१३ मधल्या बांगलादेश अकॉर्डवर, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षिततेच्या बंधनकारक करारावर, पुढे दोनशेहून अधिक ब्रँड आणि कामगार संघटनांनी सह्या केल्या. तपासणीचे अहवाल जाहीर होत, आणि दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याशी सगळ्यांनीच व्यवहार थांबवायचा असे. ब्रँडने शब्द पाळला नाही तर संघटना लवादात जाऊ शकत. दोन प्रकरणं हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेली. मला हा मार्ग सर्वांत भक्कम वाटतो, कारण इथे खरेदीदारालाही दंड आहे. पण तो मोजक्या उद्योगांत आणि देशांत उपलब्ध आहे, आणि चूक झाली तर ती चारचौघांत दिसते. हे पचवायची तयारी संचालक मंडळाची आहे का, ते सही करण्याआधी विचारा.

एक गोष्ट तिन्हींपैकी कुणीच तपासत नाही: आपली स्वतःची ऑर्डर. डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलायचं आणि तारीख तीच ठेवायची, मग पुरवठादार काम गुपचूप बाहेर देणार किंवा रात्रपाळी लावणार. वरून त्यालाच जाब विचारायचा, हा अन्याय आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या मालावर आपलं नाव छापलं जातं आणि जिथे हाताचं काम जास्त, तिथे आपली माणसं हवीत, आणि करार उपलब्ध असेल तर तोही. ऑफिसच्या स्टेशनरीसारख्या खरेदीला त्रयस्थ प्रमाणपत्र पुरतं. एवढी माणसं परवडत नसतील तर आधी पुरवठादारांची संख्या कमी करा. उरलेल्यांना मोठ्या आणि दीर्घ मुदतीच्या ऑर्डर द्या, म्हणजे दुरुस्तीवर पैसे घालायला त्यांनाही कारण मिळेल.