द्राक्षाची रेसिड्यू तपासणी: पैसे वसूल, पण काम अर्धंच

निर्यातीचं द्राक्ष करायचं तर रेसिड्यू रिपोर्टशिवाय, म्हणजे फवारलेल्या औषधांचा किती अंश मालात उरलाय त्या तपासणीच्या कागदाशिवाय, गत्यंतर नाही, त्यामुळे ही सेवा घ्यावी की नाही हा प्रश्नच येत नाही. घेताना काय बघावं, एवढंच सांगते. आमची बाग नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात, थॉमसन जातीच्या द्राक्षाची. फवारणी आमचे हे बघतात, वही माझ्याकडे. कुठल्या तारखेला काय मारलं, किती पाण्यात किती, पीएचआय (फवारणी ते काढणी यांत ठेवायचं अंतर) कधी संपतो, सगळं माझ्या अक्षरात. म्हणून लॅबवाल्यांशी बोलणंही माझ्याच गळ्यात पडलं. लॅब खासगी, नाशिक परिसरातली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

नमुना लॅबच्याच माणसाने काढायचा असतो. आलेला पोरगा कामाला पक्का निघाला. ह्यांनी त्याला सवयीप्रमाणे शेडजवळच्या देखण्या ओळीकडे वळवायला बघितलं. तो ‘हो काका’ म्हणाला आणि तिरका प्लॉटात घुसला. उन्हातला घड, सावलीतला घड, वरचा, खालचा, जिथे ब्लोअरचा (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा) फवारा दोनदा बसतो त्या वळणावरचाही घेतला. पिशवीला सील, नोंदणी क्रमांक, माझी सही. या भागाला मी पैकीच्या पैकी मार्क देते, कारण नमुनाच लाडाचा असेल तर पुढची मशीन कितीही महाग असून उपयोग नाही.

मशीन बघायला मी मुद्दाम लॅबमध्ये गेले होते. त्यांनी काचेबाहेरून का होईना, बघू दिलं. आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की द्राक्षं धुऊन तपासतात. धूत नाहीत. देठ काढून मणी तसेच दळतात, त्यातला थोडासा लगदा इथाइल ॲसिटेटमध्ये घुसळतात, निथळ वेगळी करतात आणि ती मशीनवर जाते. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: १०० टन द्राक्षात मिळून एक ग्रॅम. एकरी दहा टन धरले तर दहा एकरांच्या मालात एक ग्रॅम! ह्यांचा आधी विश्वासच बसला नाही.

इतकी काटेकोर तपासणी उगाच सुरू झालेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मेथोमिलसारखी कीटकनाशकं सापडली आणि माल अडकला. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने, रेसिड्यूवर लक्ष ठेवायची पद्धत बसवली, पुढे निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंद ठेवणारं ग्रेपनेट आलं आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा सगळ्या लॅबांवर देखरेख करू लागली. तरी २०१० मध्ये सीसीसीने, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या आपल्या लिहोसिनने, पुन्हा दणका दिलाच. तेव्हा ते तपासायच्या यादीतच नव्हतं. म्हणून लॅबला पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्या यादीत काय काय आहे आणि त्यातल्या किती औषधांच्या तपासणीला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता आहे. ‘सगळं आहे ताई’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा.

आता आमचा रिपोर्ट. पानभर नावं, बहुतेकांपुढे ‘मर्यादेखाली’ असं काहीतरी. मध्येच एक ओळ: फिप्रोनिल हे कीटकनाशक, त्यापासून बनणारं सल्फोन धरून, आणि पुढे आकडा. वही चाळली, छाटणीपासून सगळी पानं बघितली. फिप्रोनिल कुठेच नाही. शेजारच्या बागेतून उडून आलं म्हणावं, तर तिकडे तेव्हा फवारणीच नव्हती. लॅबमधल्या केमिस्ट बाईंनी शांतपणे एकच विचारलं, “थ्रिप्सला काय मारलंत?” थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. मारलं होतं ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ असं लेबल असलेलं. दुकानदार म्हणाला होता, एका रात्रीत थ्रिप्स साफ. झालेही होते साफ. बाटलीच्या तळाशी उरलेलं त्यांच्याकडे नेऊन दिलं, तर त्यात फिप्रोनिलच होतं.

२०१७ मध्ये युरोपात अंड्यांचा मोठा घोळ झाला होता, तो त्या बाईंनीच सांगितला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खुराड्यातले लाल माइट मारायला निलगिरी-मेंथॉलचं म्हणून विकलेलं औषध मारलं, त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. लाखो अंडी दुकानांतून परत काढावी लागली. म्हणजे आपली द्राक्षं अडवणाऱ्या देशातही लेबलवर विश्वास ठेवणाऱ्याचीच फसगत झाली. मला त्यात फार समाधान वाटलं असं नाही, पण ह्यांची मान जरा वर झाली. दुकानदारावर केस करायची तर नमुना कृषी खात्याच्या निरीक्षकाकडून काढून घ्या, आमचा कागद तिथे पुरणार नाही, हेही लॅबने आधीच स्पष्ट सांगितलं. या प्रामाणिकपणासाठी त्यांचा एक तारा वाढवते.

निर्यातदाराने अर्थातच माल घेतला नाही. थांबून दुसरा नमुना दिला, त्यात आकडा खाली आला होता, पण तोवर ठरलेला कंटेनर भरून गेला होता. माल लोकलला दिला. व्यापाऱ्याने गोडी बघितली, मण्याची साइज बघितली, कलरवरून भावात दोन रुपये पाडले. रिपोर्ट मी पिशवीत घेऊनच उभी होते. तो त्याने मागितला नाही आणि आजवर कुठल्या लोकल व्यापाऱ्याने मागितलेला मी पाहिलेला नाही. फी दहा हजारांच्या आत-बाहेर बसते. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासाठी ती आम्ही न कुरकुरता भरतो. नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी कोणी भरायची, हे ठरलेलंच नाही.

लॅबच्या दरपत्रकात माती आहे, पाणी आहे, पानदेठ आहे. माणसाची तपासणी नाही. मी विचारलं, “ब्लोअर चालवणाऱ्या आमच्या गोरखचं रक्त तपासाल का?” ते हसले. मी गंमत करत नव्हते. फॉस्फरसवर्गीय औषधं मारणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम उतरतं, ते मोजता येतं. फक्त हंगामाआधी एकदा मोजून ठेवायला हवं, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी ताडायचा ते कळतं. तालुक्याच्या पॅथॉलॉजीत गेलो, तर नमुना बाहेर पाठवावा लागेल म्हणाले. पाठवला. गोरखचा आकडा ठीक आला, आता तो कागद वहीतच चिकटवलाय. तो स्वतः मात्र अजून रुमाल बांधूनच ट्रॅक्टरवर बसतो. कार्बनचा मास्क आणून दिलाय, तो हँडलला लटकत असतो. उन्हात त्यात जीव गुदमरतो म्हणतो, आणि तेही खोटं नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टचं तर आणखी वेगळं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना लावायचं हायड्रोजन सायनामाइड, सगळे डॉरमेक्सच म्हणतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या दिवसभर काड्यांना ते लावतात. त्या संध्याकाळी कोणी थोडी जरी घेतली तरी चेहरा लालबुंद, धाप, छातीत धडधड. दारू पचताना शरीरात जे विष तयार होतं ते मोडणारी क्रियाच हे रसायन अडवतं; दारू सोडवायच्या गोळ्यांचं कामही असंच चालतं. वापरणाऱ्यांना धोका आहे म्हणून युरोपने २००८ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. पण ते लागतं उघड्या काडीला, घड यायच्या कितीतरी आधी, त्यामुळे द्राक्षाचा रिपोर्ट स्वच्छच येतो. आम्ही आता टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशीच बजावतो, नायट्राइलचे हातमोजे देतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी देतो. शेवटची युक्ती सासूबाईंची, आणि सगळ्यात जास्त लागू पडलेली तीच.

आता तक्रारी. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, त्याखाली चार ओळी मराठीत लिहायला काय जातं? सांगितलेल्या दिवशी रिपोर्ट आला नाही, आणि खुड्याला (काढणीला) आलेला माल ‘सिस्टीम डाउन आहे ताई’ ऐकून थांबत नाही. नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग किती दिवस ठेवतात, हे तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. ते लेखी घ्या. पैसे आगाऊ घेतात, पण पावती मागे लागल्यावर मिळते.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या हंगामात त्यांच्याकडेच जाणार आहे, पण खुड्याच्या बरंच आधी, आणि नवीन कुठलीही ‘जैविक’ बाटली बागेत फिरायच्या आधी तिच्यातलं थोडं त्यांच्याकडे देऊन. बाटली तपासायचे वेगळे पैसे लागतात आणि ते दरपत्रकात छापलेले नाहीत, केमिस्ट बाईंनाच विचारा. त्या दुपारच्या जेवणानंतर भेटतात. शनिवारी फोन केलात तर सोमवारपर्यंत कोणी उचलणार नाही.