जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून: काही महिन्यांच्या वापरानंतर

तळमजल्यावर फायबरचा मोडेम, वरच्या खोलीत वायफायची जेमतेम एक काडी आणि मध्ये आरसीसीचा स्लॅब. यावर बहुतेक लोक रिपीटर (वायफाय ऐकून तेच पुढे टाकणारं यंत्र) विकत आणतात. कपाटात जुना राऊटर पडून असेल आणि वर वायर नेणं शक्य असेल, तर रिपीटरवर पैसे घालू नयेत, तोच राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे मेन राऊटरला वायरीने जोडून नुसतं वायफाय देण्यासाठी) वर लावावा, हे माझं मत वापरानंतर पक्कं झालं आहे. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. वायरीवर चालणाऱ्या राऊटरला हा भुर्दंड नाही.

माझ्याकडे यासाठी टीपी-लिंकचा आर्चर सी६ आहे. त्याची पाचही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आहेत आणि सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड तयार मिळतो. तो मोड निवडला, राऊटर रीस्टार्ट होऊ दिला आणि मेन राऊटरच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडतात त्यातून) आलेली वायर लावली की काम झालं. वायफायचं नाव आणि पासवर्ड सोडले तर भरायचं काही उरत नाही.

जुन्या, स्वस्त राऊटरमध्ये हा मोड बऱ्याचदा नसतो. मग हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी राऊटर रीसेट करून लॅपटॉपला एकट्यालाच जोडा. मेन राऊटरचा पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२५० असा द्या. मात्र मेन राऊटर जे पत्ते आपोआप वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचाच. सेव्ह केल्यावर त्याच नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करा. उलट क्रमाने गेलात, तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि तो हाताने टाकत बसावं लागतं. आयपीव्ही६ची (पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) सेटिंग दिसली तर तीही बंद. शेवटी वायर लॅनमधून लॅनमध्ये लावा, वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची वायर येते ते) मोकळं ठेवा.

सेटिंग न बदलता वायर वॅनमध्ये लावली तरी इंटरनेट बहुधा चालतं, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही आणि मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही.

आता वायर. वेग कमी आला की राऊटरला दोष देतात, पण आधी वायर तपासावी. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६), गिगाबिटला आठही. म्हणजे क्रिम्पिंग करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही, तरी नेट सुरूच राहतं. फक्त वेग ९४-९५ च्या पुढे हलत नाही. २०० चा प्लॅन घेऊन स्पीड टेस्टमध्ये कायम ९४ दिसत असेल, तर एक तर पोर्ट १०० चं आहे किंवा कनेक्टर पुन्हा मारायला हवा. वायर शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर वाकवताना तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो. लाइटच्या वायरींच्याच पाइपमधून ती नेऊ नका. बाहेरून नेत असाल तर उन्हात टिकणारी, काळ्या आवरणाची घ्या आणि खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून आत न येता तिथेच गळून पडतं.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे तंतोतंत सारखे ठेवा. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १ तर वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६ तर वर १४९. ‘ऑटो’वर सोडल्यास दोघं एकाच चॅनेलवर येऊन बसू शकतात.

एवढं करूनही एक तक्रार उरते, ती म्हणजे फोन जुन्या सिग्नलला चिकटून राहतो. कुठल्या राऊटरला जोडून घ्यायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेल्यावरच दुसरा सिग्नल शोधू लागतो. त्यामुळे लोकांना उलटं वाटेल, पण दोन्हीकडची २.४ ची ट्रान्समिट पॉवर ‘मीडियम’ किंवा ‘लो’ केल्यावर जिन्यातली अडखळ बरीच कमी होते. पूर्णपणे जात नाही. व्हिडिओ कॉल चालू असताना वर-खाली केलं तर क्षणभर चित्र थांबतं. ते अजिबात चालणार नसेल, तर फास्ट रोमिंग (फोन एका राऊटरवरून दुसऱ्यावर झटकन नेण्याची सोय) असलेला मेश संच, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या राऊटरांचा जोड, घ्यावा लागेल आणि त्याची किंमत मोजावी लागेल.

वेगाबद्दल समाधान आहे. वरच्या त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर २०० चा प्लॅन पूर्ण मिळतो. ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर हे मॉडेल कागदावर ८६७ एमबीपीएस दाखवतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं-साठ टक्के धरून चालावं.

हाताने सेट केलेल्या राऊटरबाबत एक सावधगिरी. कुणी रीसेटचं बटण दाबलं की डीएचसीपी पुन्हा सुरू होतं आणि तो घरभर भलतेच पत्ते वाटू लागतो. लक्षण सरळ आहे: काही फोन चालतात, काही ‘कनेक्टेड’ दाखवूनही नेट देत नाहीत. तसंच दोन राऊटरमध्ये चुकून दोन वायरी लावल्या, तर लूप होऊन (तीच माहिती गोल फिरत राहून) सगळ्या घराचं नेटच बंद पडतं, सगळे दिवे मात्र एकसारखे लुकलुकत राहतात.

वीज नगण्य लागते. ६ वॅट धरले तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला साडेचार युनिटपेक्षा कमी. लाइट जाणाऱ्या भागात मिनी यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा; जुने राऊटर ९ व्होल्टचेही असतात, आणि पिन तीच असल्याने १२ ची पिन त्यात आरामात बसते.