डब्ल्यू १८० ते तुकडा: काजूसोबतचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी एकदमच पाच किलो काजूगर मागवले: एक किलो डब्ल्यू १८०, दोन किलो डब्ल्यू ३२०, दोन किलो तुकडा. दुधाला पर्याय हवा होता आणि संध्याकाळचं अरबट-चरबट खाणं थांबवायचं होतं. डबे आता तळाला आलेत, म्हणून लिहायला बसले.

आधी ते आकडे. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर. पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर भरतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा. खात्री करायला १०० ग्रॅम तोलून मोजत बसले: १८० चे ३९ भरले, ३२० चे ६९. चवीत म्हणाल तर डोळे मिटून खाल्ल्यावर मला काडीचा फरक कळला नाही. उलट भाजताना १८० बाहेरून तांबूस व्हायचा नि आतून कच्चट राहायचा. वाटीत ऐटदार दिसतो, बस्स.

खरा उपयोगाचा निघाला तो तुकडा. एक वाटी चार तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि चार वाट्या ताज्या पाण्यात मिक्सरमधून अगदी बारीक काढायचा. बदामाच्या दुधासारखी गाळायची खटपट नाही, चोथा जवळजवळ उरतच नाही. पहिल्याच आठवड्यात मात्र हे दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहिले. परत येऊन बघते तर पातेल्यात चमचा उभा राहील असा लगदा! काजूत बदामापेक्षा स्टार्च कितीतरी जास्त, त्यामुळे तापवलं की दाटतं. तेव्हापासून सूप दाट करायला मैदा लागला नाही.

आता तक्रार. तुकडा लवकर खराब होतो. काजूत वजनाच्या साधारण ४४ टक्के स्निग्धांश असतो आणि तुकड्याला हवा चहूबाजूंनी लागते. तिसऱ्या महिन्यात बाहेर ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडलं तर जुन्या तेलाचा वास. सादळलेले काजू मंद आचेवर दहा मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात, पण खवट झालेल्याला इलाज नाही. पाव किलो टाकून दिला. उरलेला लहान पाकिटांत बांधून फ्रीझरमध्ये टाकला, तो शेवटपर्यंत टिकला. पाकीट बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका, आतल्या थंड काजूंवर हवेतलं पाणी धरतं.

मधल्या काळात कुणीतरी हौसेने टरफलासकट काजूबिया दिल्या. मी शहाणी, पक्कड घेऊन फोडायला बसले. टरफलाच्या दोन थरांमध्ये दाहक तेल असतं, हे वाचलं होतं आणि विसरलेही होते. संध्याकाळपर्यंत अंगठा तपकिरी, दोन दिवसांनी फोड, आठवड्याने कातडी सोलली. बाजारात ‘कच्चे’ म्हणून मिळणारे गरही बहुतेक वेळा फोडण्याआधी बी वाफवून किंवा भाजून काढलेले असतात, ते का हे तेव्हा नीट कळलं. पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी काजूपासून लांबच राहावं. दोघं एकाच कुळातले, आणि ॲलर्जी बऱ्याचदा दोन्हींची असते.

वजनाचं सांगायचं राहिलं. पहिले दोन महिने डब्यात थेट हात घालत होते, दोन किलो वाढले. १०० ग्रॅमला साधारण ५५० कॅलरी, वाढणारच. मग खावेसे वाटले की ३२० चे वीस मोजून वाटीत काढायला लागले, म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम. वीस संपले की डबा वरच्या फळीवर, तिथे स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोहोचत नाही.

कालच पुढची मागणी टाकली: तुकडा एकच किलो, संपला की पुन्हा. ३२० दोन किलो. १८० पाव किलो, फक्त पाहुण्यांसाठी.